स्वतःच्या नावाचा स्नोड्रॉप

माणसाने जन्मभर गटारं सांभाळली तर त्याच्या नावाने कुणी पुतळा उभारत नाही, हे क्लेमंट बॅजलीला मान्य होतं. पुतळा नको, रस्ता नको, बाकसुद्धा नको. पण जिल्हा कौन्सिलच्या गटार खात्यात तीसेक वर्षं घासल्यावर निरोपाच्या दिवशी मोठ्या साहेबांनी भाषणात "आपले क्लिफर्ड बॅडली" म्हणावं आणि हातात एक टोस्टर ठेवावा, याला काय म्हणायचं? टोस्टर अजून चालतो, ही गोष्ट वेगळी. त्यात टोस्ट घालताना क्लेमंट रोज सकाळी एकदा साहेबांना मनातल्या मनात दोन शब्द ऐकवायचा आणि मग शांतपणे मुरांबा लावायचा.

म्हणून त्या फेब्रुवारीत, घरामागच्या कंपोस्टच्या ढिगाआड त्याला ते फूल दिसलं, तेव्हा त्याचं जे झालं ते समजून घ्यायला हवं.

स्नोड्रॉप म्हणजे वीतभर उंचीचं, मान खाली घातलेलं पांढरं फूल. थंडी सरायच्या आत उगवतं आणि इतर फुलं यायच्या आत निघून जातं. बाहेर तीन लांब पाकळ्या, आत तीन आखूड, आणि त्या आखूड पाकळ्यांवर हिरवा ठिपका. बाहेरच्या जगाला सगळे स्नोड्रॉप सारखेच वाटतात. क्लेमंटच्या लोअर पिडलकोम गावात असं कुणी बोललं, तर त्याला पुन्हा चहाला बोलावत नाहीत. इथे हिरव्या ठिपक्यावरून माणसं मैत्री करतात, आणि एका घरात तर ठिपक्याला ठिपका म्हणायचं की डाग, यावरून दोन बहिणी आठवडाभर एकमेकींशी बोलल्या नव्हत्या.

तर क्लेमंटने कंपोस्टमध्ये गुडघे टेकले, बोटाने पुंजक्यातल्या एका फुलाची हनुवटी वर केली आणि आत बघितलं. आत ठिपका नव्हता. आत हिरव्या उभ्या रेघा होत्या, सरळ, सारख्या अंतरावर, आणि वरून एक आडवी. पावसाळी गटारावरची लोखंडी जाळी! हुबेहूब! अशा शेकडो जाळ्या त्याने स्वतःच्या देखरेखीखाली बसवल्या होत्या.

"हा तर मीच!" तो मोठ्याने ओरडला.

"कोण आलंय?" स्वयंपाकघराच्या खिडकीतून विनीने, म्हणजे त्याच्या बायकोने, विचारलं.

"मी!"

"मग पाय पुसून ये."

इथेच सगळं सुरळीत व्हायला हरकत नव्हती. फूल सापडलं, फुलाला नाव द्यायचं, 'क्लेमंट बॅजली' अशी पाटी खोचायची, संपलं. पण स्नोड्रॉपवाल्यांचे नियम कुठे लिहिलेले नसतात, आणि म्हणूनच ते भयंकर कडक असतात. पहिला नियम, चांगला कंद असला की मित्राला त्यातला एक द्यायचा, आणि देताना तोंड वाकडं करायचं नाही. दुसरा नियम नावाचा. नवीन फूल सापडलं की त्याला बायकोचं नाव द्या, मावशीचं द्या, कुत्र्याचं द्या, कोपऱ्यावरच्या दारूच्या गुत्त्याचं द्या. स्वतःचं द्यायचं नाही. तुमचं नाव दुसऱ्या कुणीतरी सुचवायचं असतं. मग तुम्ही लाजून लाल व्हायचं आणि "अहो, कशाला, कशाला" म्हणायचं.

गावातल्या मेजर क्रॅबट्रीने एकदा हा नियम मोडला होता. सापडलेल्या फुलाला त्याने सरळ स्वतःचं नाव ठोकून दिलं. कुणी काही बोललं नाही. आणि या गावात कुणी काही बोलत नाही, याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही. त्याने कंद वाटले, लोकांनी "वा, वा" करत घेतले आणि घरी जाऊन कचऱ्याच्या डब्यांमागे लावले. शेवटी मेजर घर विकून पार देशाच्या टोकाला, कॉर्नवॉलला गेला. तिथेही कुणी बोलत नाही म्हणतात.

"तर मग प्रश्न असा," रात्रीच्या जेवणाला क्लेमंट विनीला म्हणाला, "की माझं नाव दुसऱ्या कुणालातरी सुचायला हवं."

"सुचेल की. तू फक्त गप्प बस."

"पण मी गप्प बसलो तर सुचणार कसं?"

विनीने बटाटे वाढले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर कुठल्या प्रश्नाला बटाटे पुरतात, हे तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी क्लेमंटने शेजारच्या प्रूडन्स टॅपलीला बोलावलं. बाई विधवा, मनाने लोण्यासारखी, केक करण्यात पटाईत, आणि गावच्या स्नोड्रॉप मंडळाच्या फेब्रुवारीतल्या जेवणात तिचा शब्द चालायचा. नव्या फुलांची नावं त्या जेवणात ठरतात, आणि त्या वर्षीचं जेवण नुकतंच होऊन गेलं होतं. प्रूडन्स आली, तिने कोटाची बटणं लावली आणि नेहमीप्रमाणे सरळ पोटावर आडवी झाली. खरा स्नोड्रॉपवाला फूल तोडून बघत नाही, वाकूनही बघत नाही. तो चिखलात आडवा होतो आणि खालून बघतो.

"अगं बाई! काय गोड आहे रे! टोस्ट उभे करायच्या जाळीसारखं दिसतंय."

"टोस्ट? तुला गटारावरची जाळी नाही दिसत?"

"आता चहाच्या वेळेला गटार कशाला काढतोस?"

"तसं नाही. म्हणजे, हे बघून एखाद्या माणसाची आठवण नाही होत? जवळपासच्या? साधारण माझ्या उंचीच्या?"

प्रूडन्सने चिखलात हनुवटी टेकून विचार केला.

"होते ना," ती डोळे पुसत म्हणाली. "आमच्या ह्यांची. रोज सकाळी टोस्ट जाळायचे."

आता नवऱ्याची आठवण काढून रडणाऱ्या बाईला "ते नव्हे, मी" असं कसं सांगणार? क्लेमंटने तिला रुमाल दिला. घरी जाताना ती म्हणाली, "पण खरं सांगू, माझ्या मनात मांजरीचं नाव आहे. पुडिंग. कसं वाटतं?"

"विचार करू," क्लेमंट म्हणाला. त्याच्या गावात याचा अर्थ 'नाही' असा होतो. पण समोरच्याला तो अर्थ लावून घ्यायचा नसेल तर मग काही इलाज नाही.

प्रूडन्सला कळलं म्हणजे गावाला कळलं. शनिवारी मंडळी हजर. मंडळाच्या अध्यक्षा मिस फॉस्डाइक आल्या. गावच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या आणि निवृत्त झाल्याचं त्यांना अजून कुणी सांगितलेलं नसावं. चर्चचे पाद्रीबुवा हॉब्स आले. प्रूडन्स केक घेऊन आली. सगळे कंपोस्टभोवती आडवे झाले, पाद्रीबुवा काळ्या झग्यासकट. कुणी हलेना, कुणी बोलेना. क्लेमंट तेवढा हात जोडून उभा होता.

मागच्या घरात लंडनहून नवीन भाडेकरू आले होते. त्यांनी खिडकीतून बघितलं. शेजारच्या आवारात तीन माणसं निपचित पडलीत, त्यात एक धर्मगुरू, आणि एक म्हातारा त्यांच्याकडे बघत हात जोडून उभा आहे! त्यांनी फोन उचलला.

ॲम्ब्युलन्स सायरन वाजवत आली. मागून पोलीस. पोलिसाने क्लेमंटला आधी हात वर करायला लावले, मग मिस फॉस्डाइक चिखलातून उठल्या आणि त्यांनी पोलिसाला बूट कुठे ठेवलेत ते बघायला सांगितलं. त्याच्या उजव्या बुटाखाली क्लेमंटच्या फुलांच्या पुंजक्यातलं एक फूल चिरडलं होतं. पोलीस रडवेला झाला. लहानपणी तो त्यांच्याच शाळेत होता. ॲम्ब्युलन्सवाला मात्र हौशी निघाला. आलोच आहोत तर बघू म्हणून तोही आडवा झाला.

"मस्तच की! नाव काय याचं?"

क्लेमंट पुढे सरसावला. "अजून नाही. तुम्हाला काय वाटतं?"

"तुरुंग," ॲम्ब्युलन्सवाला म्हणाला. "गज दिसतायत ना."

त्यानंतरचं वर्ष क्लेमंटने आडून आडून सुचवण्यात घालवलं. पाद्रीबुवांना त्याने गटारांच्या इतिहासावर एक संध्याकाळ ऐकवली. पाद्रीबुवा म्हणाले, "आमचे बिशप निवृत्त होतायत. बिशपांचं नाव दिलं तर किती आनंद होईल त्यांना!" मिस फॉस्डाइकना त्याने स्वतःचा तरुणपणीचा फोटो दाखवला, जाळीशेजारी उभा असलेला. त्यांनी चष्मा लावून बघितला. "पाठ सरळ ठेवायला हवी होती," त्या म्हणाल्या. "फुलाला मी माझ्या बहिणीचं नाव सुचवणार आहे. युफीमिया."

"सगळे आपापलं घोडं दामटतायत!" क्लेमंट घरी येऊन ओरडला. "माणसांना लाज कशी वाटत नाही?"

"गप्प बस आणि वाट बघ," विनी म्हणाली. ती वर्षभर हे एकच वाक्य म्हणत होती, आणि म्हणताना हल्ली तोंड फिरवून हसत होती. क्लेमंटला त्याचाही राग यायचा.

पुढचा जानेवारी उजाडला, पुंजक्याला छान कळ्या धरल्या, आणि एका सकाळी कंपोस्टमागच्या गवतावर पिवळ्या रंगाची रेघ ओढलेली दिसली. ही रेघ क्लेमंट झोपेतही ओळखला असता. इथे खणणार! त्याने कौन्सिलच्या गटार खात्यात फोन लावला. नवीन साहेब मोठा नम्र होता.

"तुमच्या कंपोस्टखालून मुख्य पाइप जातो, साहेब. फुटलाय तो. नकाशात आहे."

"नकाशा चुकलाय."

"शक्यच नाही. बॅजली म्हणून होते, त्यांनी काढलाय. आमच्याकडे अजून नाव घेतात त्यांचं. चोख काम."

क्लेमंटचा ऊर भरून आला. इतक्या वर्षांनी! त्याने घसा साफ केला. "बरं, पण जरा बाजूने खणता येणार नाही का? एक फूल आहे हो तिथे."

"नाही ना साहेब. झाडाफुलांसाठी पाइपाची रेघ सोडायची नाही, असा नियम आहे. तोही बॅजलींनीच घातलेला. ते असते तर त्यांनाच विचारलं असतं."

"असते तर म्हणजे?"

"म्हणजे... वारले ना ते?"

क्लेमंटने फोन ठेवला. मग परत उचलला, आपण जिवंत असल्याचं सांगायला. पण तोवर लाइन व्यस्त झाली होती.

"आता?" तो विनीला म्हणाला. "माझ्याच पाइपासाठी, माझ्याच नियमाने, माझंच फूल!"

"उकर आणि वाटून टाक. आपल्याकडे स्नोड्रॉप तसेही हिरव्या पानांसकटच उकरून दुसरीकडे लावतात. लोकांच्या बागेत तरी जगेल."

"आणि त्यांनी आपापली नावं दिली तर?"

"क्लेम, आधी फूल जगू दे."

तेही खरंच होतं. खणणारे यायच्या आदल्या दिवशी भर पावसात त्याने पुंजका उकरला. काळजावर दगड ठेवून एक कंद प्रूडन्सला दिला, एक पाद्रीबुवांना, एक मिस फॉस्डाइकना. प्रत्येकाने अगदी आनंदाने घेतला. सगळ्यात जाडजूड कंद त्याने स्वतःसाठी ठेवला. त्याला थंडी बाधू नये म्हणून तो स्वयंपाकघरात शेगडीशेजारी ठेवला, रात्री त्यावर काचेचं भांडं पालथं घातलं, पाणी तर दिवसातून दोनदा. स्नोड्रॉपला थंडीच लागते, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. क्लेमंटलाही ठाऊक होतं. पण आपलं म्हटलं की माणसाची अक्कल कुठे जाते कोण जाणे. आठवड्याभरात कंद कुजला. त्याचा वास इतका ओळखीचा होता की क्लेमंटने आधी सिंकखालचा पाइप उघडून बघितला.

म्हणजे आता त्याचं फूल त्याच्याकडे सोडून सगळ्यांकडे होतं.

मंडळाचं जेवण गावच्या सभागृहात होतं. नेहमीप्रमाणे सूप, थंड हॅम, आणि लांब टेबलावर शेवाळात मांडलेल्या कुंड्या. क्लेमंट रिकाम्या हाताने आत आला आणि त्याला दिसलं, मधोमध तीन कुंड्या शेजारी शेजारी, तिन्हींत त्याची जाळी डौलात उभी. कुंड्यांवर पाट्या नव्हत्या. टेबलाच्या टोकाला मोठा केक, त्यावर पत्र्याचं झाकण. क्लेमंट सहज त्या बाजूला गेला तर प्रूडन्स धावत आली.

"तिकडे नको! तू सूप घे."

"मला सूप नको."

"घे रे, गरम आहे."

केकसुद्धा बघायचा नाही! आपल्या फुलावर डल्ला मारायचा आणि वर आपल्यालाच सूपाकडे पिटाळायचं! क्लेमंट सूप प्यायला. सूप गार होतं.

शेवटी मिस फॉस्डाइकनी ग्लासवर चमचा वाजवला. "आता या वर्षीच्या नव्या फुलाचं नाव. कुणाला काही सुचवायचंय?"

"पुडिंग," प्रूडन्स ताबडतोब म्हणाली.

"बिशप," पाद्रीबुवा म्हणाले.

"मला युफीमिया बरं वाटतं," मिस फॉस्डाइक म्हणाल्या. "आमच्या युफीमियाला गटारं फार आवडायची."

पाद्रीबुवांना सूपाचा ठसका लागला. प्रूडन्स नॅपकिनमध्ये तोंड खुपसून बसली. विनीने टेबलाखालून क्लेमंटचा गुडघा घट्ट दाबला. नंतर ती शपथेवर सांगत होती की त्या दाबण्याचा अर्थ 'थांब' असा होता. क्लेमंटने तो 'ऊठ' असा घेतला.

"बस्स झालं!" तो उभा राहिला. "पुडिंग? एका मांजरीचं नाव? आणि गटारं आवडणारी बाई मी उभ्या जन्मात पाहिलेली नाही! फूल कुणाला सापडलं? मला! जाळी कुणाची? माझी! चिखलात कोण लोळलं, पोलिसापुढे हात वर कुणी केले, स्वतःच्या खात्याच्या लेखी मेलं कोण? वर्षभर मी तुम्हाला सुचवतोय, सुचवतोय, पण एकाच्या टाळक्यात प्रकाश पडेल तर शपथ! क्लेमंट बॅजली! ऐकलंत? या फुलाचं नाव क्लेमंट बॅजली! झालं!"

सभागृहात कुणीच काही बोललं नाही.

ती शांतता क्लेमंटला ओळखता येत होती. हीच शांतता मेजर क्रॅबट्रीला कॉर्नवॉलपर्यंत सोडायला गेली होती. तो खुर्चीत बसला.

प्रूडन्स हळूच उठली. तिने टेबलाच्या टोकाला जाऊन पत्र्याचं झाकण उचललं. केकवर पांढरं आयसिंग होतं, त्यावर हिरव्या रेघांची गटाराची जाळी अगदी मापात काढलेली, आणि खाली सुंदर वळणदार अक्षरात लिहिलं होतं: क्लेमंट बॅजली.

"गेल्या फेब्रुवारीतच ठरलं होतं रे," ती रडकुंडीला येऊन म्हणाली. "दगडालाही कळलं असतं, इतकं सुचवत होतास तू. तुला संशय येऊ नये म्हणून मांजर आणली मी मध्ये."

"बिशपांना तर फुलांनी शिंका येतात," पाद्रीबुवा खालच्या मानेने म्हणाले.

"मला बहीण नाही," मिस फॉस्डाइक म्हणाल्या.

क्लेमंटने विनीकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"केकची जाळी कुणी मापून दिली वाटतं तुला?" विनी दातओठ खात म्हणाली. "गप्प बस, गप्प बस म्हणून वर्षभर घसा फुटला माझा! केक कापेपर्यंत तरी कळ काढायची होतीस!"

"मग आता... लिहिलंच आहे तर..." क्लेमंट केकाकडे बोट दाखवत पुटपुटला.

"मिस्टर बॅजली," मिस फॉस्डाइक म्हणाल्या, आणि नावाचा उच्चार त्यांनी अगदी स्पष्ट, शुद्ध केला, "स्वतःचं नाव स्वतः सुचवता येत नाही. तुमच्यासाठी नियम बदलला तर उद्या मेजर परत येईल."

केक मात्र फुकट घालवण्यात अर्थ नव्हता, म्हणून प्रूडन्सने तो कापला. एकेकाच्या बशीत क्लेमंटचं एकेक अक्षर जाऊन पडलं. पाद्रीबुवांनी त्याचं आद्याक्षर डोळे मिटून खाल्लं. क्लेमंटच्या वाट्याला जाळीचा कोपरा आला. आयुष्यात इतका चांगला केक त्याने खाल्ला नव्हता. लोक आपल्याला ओळखत होते. वर्षभर बिचारे त्याच्यासाठी खोटं बोलत होते, आणि तो त्यांना चोर समजत होता.

मिस फॉस्डाइकनी पुन्हा चमचा वाजवला. "नावाचा विषय पुढच्या फेब्रुवारीत परत घेऊ," त्या म्हणाल्या. "तोवर कुणाला काही नाव सुचलं, अगदी आपणहून सुचलं, कुणी न सुचवता सुचलं, तर मंडळ जरूर विचार करेल. फक्त तोवर या विषयावर एका माणसाचं अवाक्षरही आमच्या कानांवर येता कामा नये."

सगळ्या माना क्लेमंटकडे वळल्या. प्रूडन्स डोळे पुसता पुसता हसत होती. क्लेमंटचे डोळे भरून आले. या माणसांचे आभार तरी कसे मानावेत? तो सावकाश उठला, कोट सारखा केला, आणि बोलायला तोंड उघडलं.

"गप्प!" सगळं सभागृह एका आवाजात ओरडलं.